शंभरच तर आहेत!

मोठ्या रकमेला नाही म्हणणं मला कधीच जड गेलं नाही. एकतीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. नाही म्हणण्याचाच मला पगार मिळत होता. पाच लाख मागायला आलेला माणूस समोर बसला की मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचो, त्याचे ताळेबंद सावकाश चाळायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, "जामीनदार कोण?" निम्मे लोक तिथेच उठून जायचे. असा हा कातळासारखा माणूस गेल्या डिसेंबरात पणजीला, मांडवी नदीतल्या एका बोटीवर, पोकर खेळताना पाच हजार रुपये हरला. तेही एकही मोठी बाजी न हरता. शंभर, शंभर, शंभर असे. नळ गळावा तसे.

निमित्त होतं लग्नाचं. हिच्या मावसबहिणीच्या मुलाचं लग्न, म्हापशाला. अक्षता सकाळी, जेवण दुपारी आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. मधली अख्खी रात्र मोकळी. मोकळी रात्र आणि आयटीतला भाचा एकत्र आले की काहीतरी घडतंच.

"मामा, तुला पत्ते येतात ना?" निखिलने विचारलं.

हे म्हणजे गवळ्याला दूध ओळखता येतं का, असं विचारण्यासारखं झालं. मी ज्या वाड्यात वाढलो तिथे मे महिन्यात ओसरीवर पडलेली सतरंजी पावसाची पहिली सर आल्याशिवाय उचलली जात नसे. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन. चारही दश्श्या पकडून मी भल्याभल्यांवर मेंढीकोट चढवलेत.

"पैसे लावून?"

"चिंचोके लावून."

"मग जमेल तुला. चिंचोक्यांच्या जागी चिप्स, एवढाच फरक."

वर त्याने एक उदाहरणही दिलं. अमेरिकेतल्या टेनेसीचा एक अकाउंटंट, ख्रिस मनीमेकर, इंटरनेटवरच्या स्वस्तातल्या पात्रता फेरीतून वर आला आणि २००३ साली पोकरची जागतिक स्पर्धा जिंकून पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. "अकाउंटंट होता मामा. तुझ्यासारखाच आकडेवाला." मी भारावलो. त्याचं खरं आडनावच मनीमेकर होतं, आणि आमचं आडनाव खर्चे आहे, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या ध्यानात आली नाही.

कुठेही जाण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहायची माझी जुनी खोड. आपल्या महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. पण १९७६ साली आपणच कॅसिनो चालवायला परवानगी देणारा एक कायदाही करून ठेवला. तो सत्तेचाळीस वर्षं कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही त्याच १९७६ सालचा. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि बोटींवरच्या जुगाराला वाट मिळाली. म्हणजे एकाच साली दोन कायदे जन्माला आले. एकाने जुगाराला आमंत्रण दिलं, तो आला नाही. दुसऱ्याने त्याला हाकललं, तो नदीत नांगर टाकून बसला.

ती बोट कुठेही जात नाही. धक्क्यावरून एक लहान लाँच तुम्हाला मोठ्या बोटीवर नेऊन सोडते, आणि मोठी बोट जागच्या जागी उभी असते. जातात ते फक्त पैसे. दारात वयाचा दाखला मागतात. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मी अडुसष्ट वर्षांचं आधार कार्ड पुढे केलं. दारावरच्या मुलाने त्याकडे बघितलंही नाही. अक्कल किती वर्षांची आहे, हे विचारायची सोय अजून कुठल्याच दारात नाही.

प्रवेशाच्या पैशात जेवण धरलेलं होतं. हिने ते कळताच माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही खेळा. मी वसुलीला लागते." आणि ती ताट घेऊन गेली. त्या रात्री आमच्या कुटुंबातून बोटीच्या मालकाचं नुकसान करू शकलेली ती एकमेव व्यक्ती.

मी पाच हजारांच्या नोटा दिल्या आणि बदल्यात लहानपणीच्या व्यापार डावात मिळायच्या तशा रंगीत टिकल्या मिळाल्या. इथेच अर्धा खेळ आटोपतो. नोटेवर गांधीजी असतात, ते आपल्याकडे बघत असतात. टिकलीवर कुणी नसतं.

टेबल सगळ्यांत स्वस्तातलं होतं. पानं वाटण्याआधी एकाने पन्नास आणि शेजारच्याने शंभर टाकायचे, ते ब्लाइंड. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे उघडी पाच पानं: आधी तीन, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, शेवटचं एक, ते रिव्हर. दर टप्प्याला बेट लावायची. सातांतून ज्याची पाच पानं भारी, त्याचा पॉट. माझ्या उजवीकडे अहमदाबादचे एक काका होते. एसीचा त्रास म्हणून मंकी कॅप घालून बसलेले. समोर हेडफोन लावलेला हैदराबादचा मुलगा. पलीकडे दिल्लीचे दोघे, मित्राच्या लग्नाआधीचा शोक साजरा करत होते. मित्र कुठेतरी झोपला होता.

चौथ्याच डावात तो प्रसंग आला. मधे दीड हजारांचा ढीग साचलेला. काकांनी मंकी कॅपमधून माझ्याकडे पाहिलं आणि शंभराची एकच टिकली पुढे सरकवली. नियमाने बेट निदान मोठ्या ब्लाइंडएवढी लागते, म्हणजे शंभरच. त्याहून कमी टाकता आली असती तर त्यांनी सुटे दिले असते. दीड हजारांसमोर शंभर! आहेराच्या जाडजूड पाकिटातून अकरा रुपये निघावेत तसं मला झालं.

आता माझ्यापुढे तीन वाटा. सोडून द्यावं, म्हणजे फोल्ड करावं, तर अख्खं टेबल म्हणणार, खर्चे शंभर रुपयांना घाबरला. वाढवावं, म्हणजे रेझ करावी, तर एवढ्याशा बेटवर हात उगारल्यासारखं वाटतं. वडीलधारा माणूस, त्यात मंकी कॅप. उरला कॉल. कॉल म्हणजे पोकरमधलं "बरं, अर्धा कप चालेल". ना हो, ना नाही. कुणाचं मन मोडायला नको. मी शंभर टाकले. काकांची जोडी निघाली, माझ्याकडे काही नव्हतं. "शंभरच तर होते," मी स्वतःला म्हणालो. हे वाक्य मी त्या रात्री मोजून छप्पन्न वेळा म्हटलं. ते मोजल्याचं पुढे येईलच.

तासाभराच्या निरीक्षणानंतर माझ्या ध्यानात आलं की शंभराच्या बेटच्या तीन जाती आहेत.

पहिली, 'आधीच सांगतो' जात. माणसाच्या हातात बेताची जोडी असते. आपण मोठी बेट लावू, अशी त्याला भीती असते. म्हणून तोच आधी शंभर टाकून भाव ठरवून मोकळा होतो. रिक्षावाल्याने तोंड उघडण्याआधी आपण "पन्नासच्या वर देणार नाही" म्हणतो, त्यातला प्रकार. जाणकार हिला ब्लॉकिंग बेट म्हणतात.

दुसरी, 'बसा ना' जात. याच्या हातात राजवाडा असतो, पण पाहुणा पळून जाऊ नये म्हणून तो दारात पाट मांडतो. घाई काय आहे, शंभरच तर आहेत, बसा ना. आपण बसतो आणि मग उठायला पैसे पडतात.

तिसरी, 'आलोच आहोत तर' जात. हातात काही नाही, डोक्यात काही नाही, आपली पाळी आली म्हणून टाकले शंभर. माझ्या स्वतःच्या सगळ्या बेट याच घराण्यातल्या.

पंचाईत अशी की तिन्ही जाती दिसायला सारख्या. तीच टिकली, तोच टक् आवाज. आणि मी तिन्हींना एकच उत्तर देत होतो: बरं, अर्धा कप चालेल.

अकराच्या सुमारास निखिलने मला ओढून डेकवर नेलं. पलीकडे अटल सेतूचे दिवे नदीत हलत होते.

"मामा, काय चाललंय? तू एकदाही फोल्ड केलं नाहीस."

"शंभर रुपयांसाठी काय फोल्ड करायचं?"

"ऐक. पॉटमध्ये हजार आहेत. समोरच्याने शंभर टाकले. आता तू शंभर टाकून किती मिळवायला बघतोयस?"

"अकराशे."

"म्हणजे असं बारा वेळा केलंस आणि एकदाच जिंकलास, तरी तोटा नाही."

"आणि नफा?"

"नफाही नाही."

"मग बारा वेळा कशाला करायचं?"

निखिलने सेतूकडे पाहून एक दीर्घ श्वास घेतला. "बरं, उलटीकडून बघ. तू दर वेळी सोडलंस, तर समोरचा हातात काही नसताना शंभर फेकून हजार उचलत राहील. म्हणून गणित असं सांगतं, की हजारांवर शंभर आले तर शंभरांपैकी साधारण एक्याण्णव वेळा टिकून राहायला हवं."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे मी नऊच वेळा चुकतोय!"

"मामा, टिकून राहणं म्हणजे नुसता कॉल नाही. त्यात रेझही आली. आणि हे गणित थापा मारणाऱ्यांसाठी आहे. स्वस्तातल्या टेबलावर लोक थापा मारत नाहीत, ते पानं बघायला येतात. इथे शंभर म्हणजे बहुतेक वेळा 'माझ्याकडे थोडंसं आहे, मारू नका'. तुझ्याकडे बरं पान असेल तर वाढव. काहीच नसेल आणि येण्याचीही आशा नसेल तर सोड. आणि हो, इतका वेळ मवाळ बसलेला म्हातारा शेवटच्या पानावर एकाएकी वाढवायला लागला, तर नमस्कार करून पळायचं."

"का?"

"कारण त्याच्याकडे असतं."

हे मला पटलं. बँकेतही जो खातेदार कधी आवाज चढवत नाही, तो एक दिवस चढवतो तेव्हा चूक आपलीच निघते. मी नव्या उमेदीने परत जाऊन बसलो. आता शंभराला शंभर नाही, शंभराला दणका.

संधी लगेच आली. माझ्याकडे राजा आणि राणी. फ्लॉपवर एक राजा, दोन अठ्ठ्या. टर्नवर काहीतरी फुटकळ. काकांनी सवयीने शंभर सरकवले. मी काही बोललो नाही. सिनेमात बोलत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून मी हजाराची चिप दोन बोटांत धरली आणि मधोमध टाकली. टेबल क्षणभर थांबलं.

"कॉल," डीलर म्हणाला आणि नऊशे मला परत दिले.

"मी वाढवलंय!"

"सर, तोंडाने बोलायला लागतं. एकच मोठी चिप गप्प टाकली तर ती कॉल धरतात."

एकतीस वर्षं मी नुसत्या गप्प बसण्याने लोकांना घाम फोडला, आणि इथे माझ्या मौनाची किंमत शंभर रुपये ठरली.

रिव्हर आलं, काकांचे पुन्हा शंभर. आता मी चुकणार नव्हतो. "रेझ!" मी एवढ्या मोठ्याने म्हणालो की शेजारच्या टेबलावरचा एक जण उठून उभा राहिला. घाईघाईने तीनशे पुढे ठेवले आणि आणखी तीनशे उचलायला हात मागे नेला.

"तीनशेच, सर. एकाच दमात ठेवायचे. दोन हप्त्यांत चालत नाही."

जन्मभर लोकांना हप्ते बांधून देणाऱ्याला हे ऐकून घ्यावं लागलं. तरी तीनशे तर तीनशे. काकांनी मंकी कॅप जरा वर केली. टिकल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पाँच सौ."

माझ्या मागे उभ्या असलेल्या निखिलने घसा खाकरला. मवाळ म्हातारा, शेवटचं पान, एकाएकी वाढवलं. नमस्कार करून पळायचं. मला सगळं आठवत होतं. पण त्याच वेळी मला हेही दिसत होतं, की तीनशे तर जाऊनच बसलेत, आता दोनशेच तर अजून टाकायचेत. मी दोनशे टाकले. काकांनी राजा आणि अठ्ठी उघडी केली. तीन अठ्ठ्या, दोन राजे, फुल हाउस.

"भाई साहब," ते मायेने म्हणाले, "मैं तो आपको बुला रहा था."

बसा ना!

यानंतर माझ्या आयुष्यातला पोकरचा सर्वोत्तम डाव झाला. हातात नव्वी आणि अठ्ठी आली, दोन्ही किलवर. फ्लॉपवर किलवर राणी, किलवर दश्शी आणि एक तिर्री. टर्नला पंजी. पॉटमध्ये हजार. हैदराबादच्या मुलाने हेडफोन न काढता शंभर टाकले. माझ्या हिशेबाने चार किलवर झाले होते, पाचवा आला की फ्लश. टाकले शंभर. रिव्हरला आला बदाम गुलाम. किलवर नाही! सगळं संपलं. मुलाने परत शंभर टाकले, आणि मी पानं फेकायला उचलणार, तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"अहो, त्याने शंभरच टाकलेत ना? मग एवढा काय विचार करताय?"

ही आली होती. हातात वाटीभर गुलाबजाम.

"मॅडम," डीलर नम्रपणे म्हणाला, "एका हाताला एकच खेळाडू. बाहेरून सल्ला देता येत नाही."

"भाऊ, हा हात मी बत्तीस वर्षांपूर्वी अग्नीच्या साक्षीने धरलाय," ही म्हणाली. ही शाळेत संस्कृत शिकवायची. पाणिग्रहण या शब्दाची फोड ती डीलरला समजावून सांगायला लागणार, हे ओळखून मी घाईघाईने शंभर टाकले. मुलाने राणीची जोडी दाखवली. मी मान हलवून माझी पानं उघडी टाकली. डीलरने अख्खा पॉट माझ्याकडे ढकलला.

मी तो परत त्याच्याकडे ढकलला. "चुकताय तुम्ही. किलवर आला नाही."

"सर, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी. स्ट्रेट आहे. तुम्ही काय म्हणता ते चालत नाही, पानं काय म्हणतात ते चालतं."

मी वाकून पाहिलं. नव्वी किलवर नव्हतीच, इस्पिक होती. अंधुक उजेड, मोतीबिंदूची सुरुवात आणि दोन्ही काळी. म्हणजे ज्या फ्लशची मी वाट बघत होतो तो पाचव्या किलवरलाही होणार नव्हता. आणि जो हात माझ्याकडे होता त्याचा मला पत्ताच नव्हता.

निखिल मात्र हरखला. "मामा, काय कॉल होता टर्नवरचा! न दिसलेली पानं सेहेचाळीस, त्यात गुलाम चार. साडेदहाला एक अशी शक्यता. आणि तुला भाव मिळत होता अकराला एक. एवढ्या झटकन कसं काढलंस?"

"अनुभव," मी म्हणालो.

चौदाशेच्या पॉटमधून घराचा वाटा गेला. आपल्याकडच्या अड्ड्यांवर याला नाल म्हणतात. बोटीवर त्याला इंग्रजी नाव आहे आणि तो कापणाऱ्याच्या गळ्यात टाय असतो. हातात आले तेराशे. त्या तेराशांनी माझं जेवढं नुकसान केलं तेवढं काकांच्या तिन्ही अठ्ठ्यांनी मिळून केलं नाही. कारण आता माझ्याकडे पुरावा होता. शंभर टाकत राहिलं की कधीतरी गुलाम येतो! डोळ्यांना दिसला नाही तरी येतो! पुढचे दोन तास मी सगळ्यांना सगळं कॉल केलं. एकदा तर माझी पाळी नसताना कॉल केला. दिल्लीच्या दोघांनी मला "अंकल, आप तो दिल के बहुत अच्छे हो" म्हटलं. पोकरच्या टेबलावर याहून वाईट काही ऐकावं लागत नसावं.

दीड वाजता माझ्यासमोर दोनशे उरले. ते मी उठताना डीलरला बक्षीस दिले. दोनशेच तर होते.

लाँचमध्ये बसल्यावर बँकेची सवय उफाळून आली आणि मी हिच्या पर्समधल्या कागदी रुमालावर हिशेब मांडला. आणले पाच हजार, मधे आले तेराशे, एकूण सहा हजार तीनशे. त्यातून बक्षिसी दोनशे. काकांच्या फुल हाउसवर शेवटच्या पानाला पाचशे. उरले पाच हजार सहाशे. ब्लाइंडच्या पन्नासांच्या जोड्या लावल्या, तर शंभराचे छप्पन्न हप्ते. एकही चुकवलेला नाही. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत एवढा नियमित कर्जदार मला भेटला नव्हता. हेच पाच हजार सहाशे कुणी एकदम मागितले असते तर मी चष्मा नाकावर ओढून जामीनदार विचारला असता.

तेव्हापासून मला आजूबाजूला सगळीकडे त्या टिकल्यांचा टक् आवाज यायला लागलाय. मोबाइलवरचं एक ॲप महिन्याला फक्त एकोणपन्नास रुपये मागतं. मी ते तीन वर्षांत एकदाही उघडलं नाही, पण एकोणपन्नासांसाठी बंद काय करायचं? मंडळाची मुलं वर्गणीचं पुस्तक घेऊन येतात आणि "काका, दोनशे एकच लिहितो" म्हणतात. तेव्हा मी कुठल्या मंडळाची, हेही विचारत नाही. दोन हजार एक म्हणाले असते तर मी त्यांच्या अध्यक्षांना भेटायला बोलावलं असतं. आपल्याला लुटायचं असेल तर सुरा लागत नाही. 'फक्त' हा शब्द पुरतो.

आणि तरीही मी उधळा नाही, हे गोव्याहून परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सिद्ध झालं. मंडईत मेथीची जुडी पंचवीस रुपये सांगितली.

"वीसला द्या."

"पाच रुपयांसाठी काय साहेब घासाघीस करता! पाचच तर आहेत."

मी जुडी खाली ठेवली. पूर्ण मंडई पालथी घातली. शेवटी वीसची मेथी मिळाली, जरा पिवळी होती, पण वीसला होती. घरी येऊन मी विजयी मुद्रेने पिशवी ओट्यावर ठेवली.

"अशी पानं टाकायची असतात," ही मेथीची पिवळी पानं वेगळी करत म्हणाली. "तिथे एकही टाकता आलं नाही तुम्हाला."

खरं तर मला तिने एवढ्यावर सोडलं, हेच नशीब. परतीच्या गाडीत सावंतवाडी येईपर्यंत ती काही बोलली नव्हती. मग एकदम म्हणाली, "ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. तुम्हाला माहितीय?"

मला माहीत नव्हतं. त्यात एक जुगारी आपली कर्मकहाणी सांगतो म्हणे. सासू द्वेष करते, बायको दारात उभं करत नाही, कुणाला दया येत नाही. आणि रोज ठरवतो की आज जायचं नाही, पण फासे खुळखुळले की पाय तिकडेच वळतात. शेवटी त्याला सांगितलंय, फासे सोड, शेती कर.

"तेव्हा चिप्स नव्हत्या," मी म्हणालो.

"नव्हत्या. बेहड्याची फळं असायची फाशांना."

"बेहडा म्हणजे आपल्या त्रिफळा चूर्णातला?"

"तोच. हिरडा, बेहडा, आवळकाठी."

तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला ज्याने बुडवलं, ते फळ आमच्या स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फळीवर डाव्या बाजूच्या बरणीत आहे, हे कळल्यावर मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलो.

गोव्याहून आल्यापासून ही रोज रात्री झोपताना कोमट पाण्यातून मला त्रिफळा देते. चव तोंडात सकाळपर्यंत राहते. मी पहिल्या दिवशी नको म्हणून पाहिलं.

"एकच चमचा तर आहे," ती म्हणाली.

चार महिने झाले. अजून एकदाही फोल्ड करता आलेलं नाही.